दोरी परत

७ जानेवारी

चि. खारू यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

नेहमीप्रमाणे ताईकडून लिहून घेते आहे. माझे डोळे आता नुसते चेहऱ्याला शोभा म्हणून उरलेत.

या खेपेला लोकरीचे मोजे दोन जोड, नवा चष्मा (नंबर जुनाच धरला आहे), स्टोव्हचे वॉशर सहा, छताच्या फटीला लावायची डांबरी पट्टी आणि खोकल्याच्या गोळ्यांची तीन पाकिटं पाठवते आहे. खोकला गेला असला तरी गोळ्या टाकू नको. तो गेला म्हणून सांगतो आणि दाराआड उभा असतो. एकूण वजन आठ किलो नऊशे. नऊच्या वर गोदामाच्या काट्यावरचे काटेकाका घेत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. बेटावरच्या त्या पायऱ्यांवरून नऊ किलोच माणूस खांद्यावर नेऊ शकतो, असं ते म्हणतात. स्वतः मात्र कधी बेटावर पाय ठेवलेला नाही.

मागच्या दोन्ही खेपांना तुझ्या पावतीवर एकच ओळ होती. "पोचलं. बरा आहे." वाचून बरं वाटलं. पण एका ओळीत माणूस किती बरा असणार? पूर्वी चार-चार पानं लिहायचास. छतावर कोणता पक्षी बसला ते लिहायचास.

आणि दोऱ्या. दोन्ही दोऱ्या अगदी गुळगुळीत परत आल्या. शहाणा झालास की काय? दाताने गाठ सोडू नको, असं तुला चाळीस वर्षं सांगतात सगळे. तेव्हा ऐकलं नाहीस. आता ऐकलंस म्हणून काळजी लागली.

ताई ठीक आहे. तू तिचं विचारत नाहीस, तरी सांगते. तिचा उजवा गुडघा दुखतो. गोदामातल्या नव्या बायकांना तिची शिस्त जड जाते. बाकी ठीक.

दोन ओळी जास्त लिही.

आईचे आशीर्वाद


९ मार्च

चि. खारू यास,
आईचे अनेक

खारू, मी ताई लिहिते आहे. वरचं खोडत नाही. खोडलं की जास्त दिसतं.

अकरा वर्षांनी तुला स्वतःच्या नावाने लिहिते आहे, तेव्हा अक्षर तेच असलं तरी माणूस वेगळा आहे हे आधी सांगून टाकते. आईला बरं नाही. ती आत पडली आहे. म्हणून या वेळी मीच.

परवा जहाज लागलं. नेहमीसारखी आधी रिकामी पोती उतरली, मग टपालाची पेटी, मग दोऱ्यांचं जाळं. जाताना पार्सलं टाकायची, लांबच्या बेटांना वळसा घालून पंधरा दिवसांनी परतताना दोऱ्या उचलायच्या, हा या जहाजाचा जुना शिरस्ता. प्रत्येक पार्सलावर आम्ही "दोरी परत" असा शिक्का मारतो. डांबरात भिजवलेली चांगली दोरी आहे, सातआठ खेपा टिकते. कापायची नाही, सोडायची, आणि आपली पावती तिलाच बांधून परत पाठवायची. तुम्ही सगळे ते पाळता. बेटावरच्या माणसांना मी पाहिलेलं नाही, पण दोऱ्यांवरून ओळखते. एक जण गाठीत खिळा घालतो. एक बाई दोरी आधी गरम पाण्यात बुडवत असावी, तिची दोरी मऊ येते. आणि तू चावतोस. लहानपणी बुटाची नाडीसुद्धा खारीसारखी कुरतडायचास, म्हणून तर आईने तुझं नाव खारू ठेवलं. तुझ्या दोरीवर गाठीच्या जागी दातांच्या चार खुणा असतात. वरचे दोन, खालचे दोन. मी त्या दोऱ्या पुन्हा वापरात देत नाही. माझ्याकडे चौदा आहेत.

परवा आलेली तिसरी कोरी दोरी. गाठीच्या जागी काहीतरी टोकदार घातल्याची एकच खूण आहे. ती घेऊन मी काटेकाकांकडे गेले. ते काट्यावर पोतं ठेवत होते.

"काका, ही दोरी खारूची नाही."

"पावती त्याचीच बांधलीय ना?"

"बांधलीय. पण दात नाहीत."

"मग पडले असतील. बावन्नाचा झाला तो. त्या वयात माझे सात गेले होते."

"तीन खेपांत सगळे?"

"समुद्राची हवा," काका म्हणाले. काकांना ज्याचं उत्तर ठाऊक नसतं ते सगळं हवेमुळे होतं. गेल्या वर्षी काटा चुकला तोही हवेमुळेच.

मग मी तांडेलाला गाठलं. पार्सलं बोटीतून किनाऱ्यावर नेणारा तोच. त्याला विचारलं, खारू भेटला का?

"बेटावरच्या कोठीवाल्या बाई सह्या घेऊन ठेवतात," तो म्हणाला.

"मी सहीचं विचारलं नाही."

"ताई, तिथे धक्का नाही. बोट लाटेवर धरून ठेवायची आणि वीस मिनिटांत अठ्ठावन्न नग वर द्यायचे. माणसं बघायला वेळ कोणाला?"

हे बोलताना तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. तांडेल वादळातसुद्धा समोर बघतो.

म्हणून हे लिहिते आहे. तुला माझ्याशी बोलायचं नाही हे मला मान्य आहे. गोदामाच्या जिन्यावर मी काय बोलले ते मी विसरलेली नाही. तू आईला बेटावर न्यायचं म्हणत होतास. समुद्राची हवा तिला मानवेल, माझी खोली मोठी आहे, म्हणत होतास. आणि मी आठ माणसांसमोर म्हटलं, "ज्याला स्वतःच्या पार्सलाची गाठ दाताने सोडवावी लागते, तो आईला काय सांभाळणार?" सगळे हसले. तूही हसलास. त्याच जहाजाने गेलास. त्यानंतर दीपगृहाच्या दिव्यावरची नोकरी सुटली तरी तू परतला नाहीस. तिथेच लोकांची छपरं दुरुस्त करत राहिलास. पत्रं आईला येत राहिली. मी वाचून दाखवायचे, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांत मी कधीच नव्हते.

ते असू दे. फक्त एक कळव. दात पडले का? पडले असतील तर तसं लिही. या खेपेला भिजवून खाता येतील अशी बिस्किटं घातली आहेत.

पावतीवरची सही तुझीच आहे. म्हणजे तुझ्यासारखीच आहे. मी कोणाला काय बोलणार?

ताई


११ मे

हे पत्र मी पाकिटात घातलेलं नाही. पार्सलाच्या आत अगदी वर ठेवलं आहे. जो कोणी ही गाठ सोडेल त्याने ते वाचावं. तो खारू असो किंवा नसो.

चौथी दोरीही कोरी आली. "पोचलं. बरा आहे." दातांचं काहीच लिहिलेलं नाही. मी विचारलेल्या प्रश्नाला जो माणूस उत्तर देत नाही, त्याने एक तर प्रश्न वाचला नाही किंवा तो उत्तर द्यायला नाही. यातलं कोणतं हे विचारण्याआधी मला माझं सांगावं लागेल. काल दिवसभर शिवताना मी दुसरा काही मार्ग शोधत होते. तो नाही.

खारू, आई गेली.

मार्चमध्ये ती आत पडली आहे असं मी लिहिलं. तेही खोटं. आत कोणी नाही. आईला जाऊन आज तीन वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी जहाज सुटणार होतं. सकाळची वेळ होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तुझं पार्सल शिवत होती. गोदामातली नोकरी सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती, तरी तुझं पार्सल ती मला शिवू देत नसे. डोळे गेले होते, पण बोटांना दिसायचं. मी स्वयंपाकघरात तुझ्या यादीवर खुणा करत होते. ती म्हणाली, "मेण संपत आलं गं." मी म्हटलं, आणते. मेण घेऊन आले तेव्हा तिचं डोकं बाजूला कललं होतं. दाभण कापडात अर्धा घुसलेला होता. पार्सल मांडीवरून पडलं नव्हतं. दोन्ही हात त्याच्यावर होते.

डॉक्टर आला, शेजारी आले. दुपारी तीनला काटेकाकांनी निरोप धाडला की चारला मालाचं जाळं बंद होतंय. मी त्या खुर्चीपाशी बसून उरलेली शिवण पूर्ण केली, गाठ मारली, पार्सल पाठवलं. मला वाटलं, हे तर तिचंच आहे, जाऊ दे. पुढच्या खेपेला कळवू. आतल्या पत्रातही तिनेच सांगितलेला मजकूर होता, तो मी बदलला नाही.

पुढच्या खेपेला तुझं पत्र आलं. चार पानं. सुरुवात "आई", मध्ये "आई", शेवटी "आई". छतावर बसणाऱ्या त्या पांढऱ्या पक्ष्याने खोलीत यायला सुरुवात केली होती. माझं नाव नव्हतं. ते वाचताना माझ्या डोक्यात एवढंच आलं की मी कळवलं, तर यापुढचं पत्र कोणाला येईल? मला तर येणार नाही. मग मी तिच्या नावाने उत्तर लिहिलं. आई सांगायची आणि मी लिहायचे, अक्षर पहिल्यापासून माझंच. एवढं सोपं होतं. काटेकाकांना गप्प बसायला सांगितलं. तांडेलाला शपथ घातली.

सुरुवातीला, आई इथे काय म्हणाली असती याचा विचार करावा लागायचा. दुसऱ्या वर्षी तो थांबला. मी दुपारी तिच्या खुर्चीत शिवायला बसते आणि मोठ्याने बोलते, आणि बोललेलं मग कागदावर उतरवते. बोलणं तिचंच असतं. तिचा तो वाक्याच्या मध्ये येणारा खोकलासुद्धा. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. तिथली बाई परवा जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तुमच्या आईंचा आवाज येतो दुपारचा. त्या एकट्या असतात का?" मी म्हटलं, नाही, मी असते. खोटं बोलायची इतकी सवय झाली आहे की खरं बोललेलंही खोटं वाटलं.

एकदा तर ती मला ठाऊक नसलेलं बोलली. म्हणाली, त्या पक्ष्याला नाव ठेव. मी ते लिहिलं. तू उत्तर दिलंस, "नाव आधीच ठेवलंय, आई, तू मागे सांगितलं होतंस तेच." मला तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्या खुर्चीत बसायची भीती वाटते आणि बसल्याशिवाय राहवत नाही.

हे सगळं सांगितल्यावर तू दोरीसुद्धा पाठवणार नाहीस, हे धरून चालले आहे. हरकत नाही. फक्त तू आहेस एवढं कळू दे. या वेळी तीन मुक्या, ओढायला टोक न सोडलेल्या गाठी मारल्या आहेत, एकावर एक, वर मेण. टोकदार वस्तूने पटकन सुटणार नाहीत. चाव.

आणि जर हे वाचणारं माणूस खारू नसेल, तर त्या माणसाला हात जोडून सांगते: पावतीवर "बरा आहे" लिहू नका.

ताई


१२ जुलै

खारू,

तुलाच लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला लिहायची सवय नाही.

जहाज शुक्रवारी लागलं. तांडेल स्वतः वर आला, जाळ्याची वाट न पाहता. हातात एक चपटं पुडकं होतं. ते त्याने काट्यावर ठेवलं, माझ्या हातात दिलं नाही. "ताई," तो म्हणाला, "आता मला दोन्हीकडून मोकळं करा." मला कळेना. मग त्याने सांगितलं. मी आईची शपथ घातली होती, तशीच गेल्या सप्टेंबरात कोठीवाल्या बाईंनी त्याला तुझी घातली. तो बिचारा दोन्ही काठांच्या शपथा खिशात घालून जहाजावर बसायचा. गेलेल्या बाईचं पार्सल गेलेल्या माणसाला पोचवायचा आणि पावती आणून द्यायचा. "रात्रंदिवस वाटायचं की बोटीत मीच तेवढा जिवंत आहे," म्हणाला.

काटेकाकांनी काटा बंद केला. अठ्ठावीस वर्षांत कामाच्या वेळेत पहिल्यांदा. मला पोत्यांवर बसवलं आणि स्वतः दाराकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे कोणी आत यायला नको.

बाईंचं पत्र इथे उतरवून ठेवते. तू ते कधी वाचलेलं नाहीस, आणि त्यात तू आहेस.

"ताईंना नमस्कार. मला पावत्या लिहायची सवय आहे, पत्राची नाही. चुकलं तर गोड मानून घ्या.

तुमचा भाऊ ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गेला. छातीचा खोकला होता, मग ताप. नऊ दिवस. जहाज आदल्याच आठवड्यात जाऊन आलं होतं. आमच्याकडे दुखण्याला जहाजाची वेळ पाळता येत नाही. दिव्याच्या मागच्या उतारावर त्याला ठेवलं आहे. शेजारच्या खोलीचं छप्पर त्यानेच बसवलेलं, त्याच्या आडोशाला वारा लागत नाही. दप्तरात नोंद केली. कळवायचं कोणाला ते बघितलं तर आईचं नाव. आई नाही हे मला तेव्हा ठाऊक होतं. गेलेल्या माणसाला कळवता येत नाही.

तुमची आई गेल्याचं त्याला तीन वर्षांपूर्वीच कळलं. त्याच पार्सलावरून. कोठीत माझ्यासमोर त्याने ते उचललं, तर गाठ सुटेना. जिन्यावरच्या त्या बोलण्यानंतर तुमच्या आई गाठीचं एक टोक आत दुमडून ठेवायच्या, त्याला सापडेल असं. एका ओढीत सुटायची. तुम्हाला माहीत नसेल, तो म्हणाला तुम्हाला माहीत नाही. ती गाठ मुकी होती. मग त्याने शिवणीवरून बोट फिरवलं. मध्यावर थांबला. तुमच्या आईंचे टाके डावीकडे झुकतात, तुमचे सरळ. तो म्हणाला, 'इथपर्यंत आई आहे. इथून पुढे ताई.' बाकी काही बोलला नाही. पार्सल उघडायला दुसरा दिवस लागला.

मी त्याला म्हटलं, बहिणीला लिही. तो म्हणाला, 'लिहिलं तर आईचं विचारावं लागेल, आणि विचारलं तर तिला सांगावं लागेल. तिला सांगवत नाहीये. सांगवेल तेव्हा सांगेल.' आणि आईच्या नावाची पत्रं तुम्हाला पाठवत राहिला. कधी तुमच्या पत्रात आई अगदी तिच्यासारखं काही बोलली की हसायचा. म्हणायचा, ताईच्या आत आई नीट बसलीय.

गाठ सोडवायला मी त्याला दाभण द्यायचे. कधी घेतला नाही. चावायचा. मी म्हणायचे, दात जातील. तो म्हणायचा, 'दोरी ताईच्या हातात परत जाते. आईची होती तेव्हा ओढून सोडायचो. ही ताईची आहे. तिला कळू दे, कोणी उघडलं.' त्याला बोलता येत नव्हतं तिथे त्याने दात वापरले, असं मी आपलं समजते.

तापात मला म्हणाला, 'पार्सल येत राहील. तुम्ही सही करत राहा. तिने आईचं सांगितलं की मग तुम्ही माझं सांगा. आधी नाही. दोन्ही एकदम तिच्यावर पडायला नको.' मी शब्द दिला. सही त्याच्यासारखी करायला तीन संध्याकाळी गेल्या. 'बरा आहे' हे माझं, त्याचं नाही. माफ करा.

वस्तू आम्ही वापरल्या. चोरी म्हणाल तर चोरी. चष्मा शाळेच्या बाईंना लागला, मोजे दिव्यावरच्या नव्या माणसाकडे आहेत, वॉशर माझ्याच स्टोव्हला. खोकल्याच्या गोळ्या तशाच ठेवल्या आहेत. त्या कोणाला देववल्या नाहीत. तुमची पाकिटातली पत्रं उघडलेली नाहीत, त्याच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. शेवटचं मात्र तुम्हीच उघडणाऱ्याला लिहिलं होतं, म्हणून वाचलं.

त्या पार्सलाच्या शिवणीचा तुकडा त्याने कापून उशाशी ठेवला होता. तुमचा आहे. पाठवते आहे. तुमच्या त्या तीन गाठी सोडवायला मला दीड तास लागला."

पुडक्यात वीतभर कापडाची पट्टी आहे. मेणाने काळी झालेली. त्यावर आईचे तेरा टाके, डावीकडे झुकलेले. मग एक दाभणाचं मोठं भोक, जिथे तो अडकून राहिला होता. मग माझे. पहिले तीन माझे असूनही वाकडे आहेत. माझा हात त्या दिवशी सरळ नव्हता, हे मला आठवत नव्हतं.

खारू, मी तीन वर्षं त्या चौदा दोऱ्या आईच्या पार्सलांच्या पोच म्हणून जपल्या. दुपारी काढायचे, बोट लावून बघायचे, वरचे दोन, खालचे दोन, आणि म्हणायचे, अजून चावतोय, म्हणजे आई आहे असंच समजतोय. मला वाटायचं, माझं खोटं टिकलं. तू तर पहिल्या दिवसापासून मलाच लिहीत होतास.

आणि वाट बघत होतास. मी दुसऱ्या वर्षी सांगितलं असतं, तर तू होतास. पहिल्या वर्षी सांगितलं असतं, तर दोन वर्षं बोललो असतो. मार्चमध्येसुद्धा मी "आत पडली आहे" असंच लिहिलं. ते पाकीट न उघडलेलंच आहे म्हणा. एवढं एक बरं झालं.

जिन्यावरच्या त्या वाक्याचं मी पुन्हा काही लिहिणार नव्हते. पण कळलं. प्रत्येक दोन महिन्यांनी तू ते मला दाखवत होतास: बघ, अजून दातानेच सोडवतो. हसत होतास का रे? बाई म्हणतात, हसायचास.

ताई


१० सप्टेंबर

खारू,

खुर्ची गप्प झाली आहे. बाईंचं पत्र आलं त्या दिवसापासून. दुपारी बसते, शिवते, काही ऐकू येत नाही. परवा मी मुद्दाम आईसारखं खोकून पाहिलं. माझाच खोकला आला. खालची बाई जिन्यात भेटली तेव्हा तिने काही विचारलं नाही. मीच थांबवून सांगितलं की आई गेली. "अगंबाई, कधी?" ती म्हणाली. मी म्हटलं, तीन वर्षं झाली. आता जिन्यात दिसले की ती मुलीचा हात धरते. बरोबर आहे तिचं.

पार्सल पाठवते आहे. मी न पाठवण्याचा विचार करून पाहिला. पण जहाज लागल्यावर हात कामाला लागतात, त्यांना कोणी सांगावं?

काटेकाकांनी वही उघडली.

"पाठवणारी?"

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली, मग ते सावकाश लिहिलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

"घेणारा?"

"तोच."

"अगं, गेलेल्या माणसाच्या नावाने माल जात नाही. नियम आहे."

"तीन वर्षं गेलेल्या बाईच्या नावाने जात होता."

"ती पाठवणाऱ्याच्या रकान्यात होती. त्याला नियम नाही."

अखेर कोठीवाल्या बाईंच्या नावावर जातं आहे. शाळेच्या बाईंसाठी चष्म्याची पेटी आहे, बाईंसाठी वॉशर. खोकल्याच्या गोळ्या पाठवलेल्या नाहीत. हे पत्र बाईंनी उघडायचं नाही, तुझ्या डब्यात टाकायचं, असं वरच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. सही स्वतःची करा, हेही.

आईची ती आत दुमडलेल्या टोकाची गाठ मला बाईंनी चित्र काढून पाठवली आहे. मी ती मारून बघितली. येते. एका ओढीत सुटते. तरी या पार्सलाला माझीच मारली, मुकी. बाईंना म्हटलं आहे, दाभण वापरा, दात लावू नका. वेळ लागेल, लागू दे.

आणि उघडण्याआधी शिवणीवरून एकदा बोट फिरवा म्हटलं आहे, उताराकडे नेऊन, तुझ्याजवळ बसून. मध्ये कुठेही टाका बदलत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत मीच आहे.

तुझी
ताई